झांकीचा ट्रक

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरातला माणूस घरी झोपलेला आढळला, तर तो आजारी असला पाहिजे, नाहीतर नुकताच बदली होऊन आलेला असला पाहिजे. गिरणी कामगारांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेली झांक्यांची ही मिरवणूक ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या किंवा बेळगावकडच्या वाचकांनी पाहिली नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. ट्रकवर किंवा ट्रॉलीवर लाकूड, बांबू, कापड आणि कागदाचा लगदा यांचा देखावा उभारायचा, तो आतून यंत्राने हलता ठेवायचा, त्यावर दिव्यांची आरास करायची, आणि संध्याकाळी निघून जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, खजुरी बाजार असे करीत पहाटेच्या सुमारास राजवाड्यापाशी पोहोचायचे. पुढे आखाडे, लेझीम, ढोल. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांच्या झांक्यांत त्या काळी अशी चुरस असे की, देखावा पुरा होईपर्यंत शेडमध्ये परक्या माणसाला डोकावू देत नसत. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पण झांकी मधल्या वर्षांतही निघतच राहिली.

मी लिहिणार आहे ते मात्र या मोठ्या झांक्यांविषयी नव्हे. आमच्या वस्तीचे एक लहानसे मंडळ होते. बहुतेक घरे गिरणीवाल्यांची, निम्मी मराठी, निम्मी माळव्यातली. त्या मंडळाची झांकी ज्या ट्रकवर निघे त्या ट्रकची, आणि त्यात मी केलेल्या फेरफाराची ही हकीकत आहे. ती मी चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणापाशी बोललो नव्हतो.

ट्रक माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा होता. दादा गिरणीत फिटर होता आणि पाळी सुटल्यावर ट्रकांची दुरुस्ती करी. १९७९ साली त्याने दोघा मित्रांच्या भागीदारीत एक जुना ट्रक घेतला. मी तेव्हा पॉलिटेक्निकात विद्युतशास्त्र शिकवीत होतो. दादा मॅट्रिकच्या पुढे गेला नाही, कारण वडील लवकर गेले आणि माझी फी भरायला घरात कोणी तरी कमावणारे हवे होते. हे मी इथे सांगतो आहे ते उगाच नव्हे.

१९८० साली आमची झांकी पहिल्यांदा दादाच्या ट्रकवर निघाली. देखावा गोवर्धन पर्वत उचलणाऱ्या श्रीकृष्णाचा. पर्वत वर-खाली होई तो काच पुसण्याच्या वायपरच्या मोटरीवर. ती दादाचीच युक्ती. त्याच्याखाली वस्तीतली चार मुले गोपवेषात उभी. जनरेटरचे भाडे मंडळाच्या वर्गणीत बसत नव्हते, म्हणून दिवे ट्रकच्या बॅटरीवर लावले होते. कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत ते ठीक जळले. पुढे पिवळे झाले, मग तांबूस, आणि रात्री एकच्या सुमारास नुसत्या तारा निखाऱ्यासारख्या दिसू लागल्या. ‘गोवर्धनाखाली अंधार’ असे कोणी तरी ओरडले आणि रस्ताभर हशा पिकला. आमची मुले रडवेली होऊन उभी होती.

दुसऱ्या वर्षी हे होऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले. हा माझा विषय होता, आणि चूक कुठे आहे हे मला ठाऊक होते.

जुन्या ट्रकांना डायनामो असे. डायनामोची एक खोड आहे. एंजिन वेगात असले की तो भरपूर वीज देतो, पण एंजिन मंद झाले की त्याचा दाब बॅटरीच्या दाबाहून खाली येतो. अशा वेळी बॅटरीची वीज उलट डायनामोत शिरू नये म्हणून मध्ये कट-आउट नावाचा खटका असतो, तो दोघांचा संबंध तोडतो. हमरस्त्याने धावणाऱ्या ट्रकाला याचे काही वाटत नाही. माणसाच्या चालीने रात्रभर सरकणाऱ्या झांकीला मात्र डायनामो असून नसल्यासारखाच. आमचे दिवे म्हणजे ट्रकच्या इशाऱ्याच्या दिव्यांचे २१ वॅटचे वीस बल्ब, एकूण ४२० वॅट. १२ व्होल्टला भागले की ३५ अँपिअर. वायपरची मोटर तीनेक अँपिअर. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चार तास पुरायची, प्रत्यक्षात तीनही नीट पुरत नाही. कारण जितक्या जोराने उपसावी तितकी तिची देण्याची ताकद घटते.

उपाय अल्टरनेटरचा. त्यात फिरते ते चुंबक, आणि वीज निघते ती बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांतून. आलटून-पालटून वाहणारी ती वीज डायोड एकाच दिशेला लावतात, आणि उलट वाट अडवण्याचे कट-आउटचे कामही तेच करतात. जड प्रवाह ब्रशांतून जात नसल्यामुळे लहान पुली बसवून त्याला एंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरवता येते. मी जुन्या बाजारातून एक चांगला अल्टरनेटर मिळवला, दादाने त्याची बैठक लोखंडी पट्टीतून कापून एंजिनाला जोडली, आणि पट्टा चढवून आम्ही मोजमाप केले. एंजिनाचे मिनिटाला ९०० फेरे असताना तो ३० अँपिअर देई. आठ अँपिअरांची तूट उरे ती बॅटरीने सोसायची. नऊ तासांचे झाले बहात्तर अँपिअर-तास. बॅटरी दीडशेची. हिशेब जमला.

तारांकडेही मी लक्ष दिले. आदल्या वर्षी घरगुती वायरिंगच्या थाटाची चार चौरस मिलिमीटरची तार वापरली होती. ट्रकच्या पुढून मागच्या टोकापर्यंत आठ मीटर जाणे आणि आठ मीटर येणे, एवढ्या लांबीत ३५ अँपिअरांना सव्वादोन-अडीच व्होल्ट वाटेतच गमवावे लागतात, आणि बल्बला दाब पाचव्या हिश्शाने कमी मिळाला की उजेड जवळजवळ निम्मा होतो. हे मी वर्गात फळ्यावर कित्येकदा मांडले होते. या खेपेस मी सोळा चौरस मिलिमीटरची, अंगठ्याएवढी जाड केबल आणली. तोटा अर्ध्या व्होल्टच्या जरा वर राहिला. केबल चांगलीच जड होती, हे पुढे महत्त्वाचे आहे.

आता राहिला एंजिनाचा वेग. ९०० फेरे रात्रभर एकसारखे ठेवायचे, तर कोणाचाही पाय एक्सिलरेटरवर इतका वेळ स्थिर राहणार नाही. सुदैवाने गिअरांचा हिशेबही जुळत होता. आमच्या ट्रकाच्या पहिल्या गिअरमध्ये एंजिनाचे सुमारे पंचेचाळीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा होई, चाकाचा परीघ सव्वातीन मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे ९०० फेऱ्यांना ताशी पावणेचार किलोमीटर. लेझीम खेळणाऱ्यांच्या मागे राहायला नेमकी हीच चाल हवी. मध्येच थांबावे लागले तर क्लच होताच. दादाने सायकलच्या ब्रेकची तार एक्सिलरेटरच्या दांड्याला जोडून तिचे टोक डॅशबोर्डवर आणले आणि तिथे पेचाचा चाप बसवला. हाताने ओढून चाप आवळला की वेग जिथल्या तिथे.

इथे या ट्रकाची एक अंतर्गत गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. पुष्कळांची समजूत असते की एक्सिलरेटर दाबला म्हणजे आपण इंधनाचा नळ सोडतो. आमच्या ट्रकात तसे नव्हते. त्याच्या इंधन-पंपावर हवेच्या दाबाचा गव्हर्नर होता. पेडलचा दांडा जाई तो एंजिनात हवा शिरण्याच्या मार्गातल्या एका चकतीकडे. चकती मिटलेली असली की एंजिनाच्या ओढीने तिथे निर्वात तयार होई. एका रबरी नळीतून तो निर्वात पंपाच्या मागच्या डबीतल्या चामड्याच्या पडद्याला ओढून धरी, आणि पडदा ओढला गेला की इंधन कमी. पेडल दाबा, चकती उघडते, निर्वात सैल पडतो, डबीतली स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलते आणि इंधन वाढते. म्हणजे पाय हवेला सांगतो, आणि हवा इंधनाला सांगते. मधला निरोप्या ती नळी. आणि नळी निसटली तर? मग निर्वात नाहीच. स्प्रिंगला आवरणारे कोणी नाही. पाय पेडलवरून काढला काय किंवा ठेवला काय, एंजिनाला पुरे इंधन मिळते आणि ते उधळते. थांबवायचा उपाय एकच. डॅशबोर्डवरची एक दोरी ओढली की पंपाचे इंधन तुटे. आम्ही तिला स्टॉपची दोरी म्हणत असू. डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेचे काही देणेघेणे नसते. चावी फिरवून ते बंद होत नाही.

आणि मी काय केले होते? माझी ती जड केबल अल्टरनेटरकडून केबिनमध्ये आणताना तिला मध्ये आधार हवा होता. नेमक्या त्याच दिशेने जाणारी, हाताशी येणारी एक गोष्ट होती. मी केबल सुती फितीने दोन ठिकाणी त्या रबरी नळीला बांधली. फीत सुबक बांधली होती. वायरिंग सुबक असावे याविषयी माझा कटाक्ष असे.

दुसरी गोष्ट फळीची. अँमीटर, व्होल्टमीटर आणि दिव्यांचे सहा खटके व एक मुख्य खटका असलेली प्लायवुडची फळी मी डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला पेचांनी बसवली. मी शेजारी बसून रात्रभर काटे पाहणार होतो. दादाने ती पाहिली आणि म्हणाला, “बापू, ही फळी इथे नको. स्टॉपची दोरी मागे जाते.”

“एका रात्रीपुरतं आहे, दादा. हात पोहोचतो ना तुझा?”

त्याने फळीच्या मागे हात घालून पाहिले. “पोहोचतो,” म्हणाला. आणखी काही बोलणार होता, पण बोलला नाही. मी प्राध्यापक होतो ना!

१९८१ ची ती मिरवणूक. पाऊस संध्याकाळीच ओसरला होता आणि रस्ते ओले चकचकीत होते. मी खोटी विनयशीलता दाखवीत नाही: आमचे दिवे उत्तम जळले. जेल रोडवर, कृष्णपुऱ्याला, जवाहर मार्गावर तसेच्या तसे. व्होल्टमीटरचा काटा सव्वाबाराच्या आसपास स्थिर होता. आदल्या वर्षी हसलेली माणसे या वर्षी मुलांना खांद्यावर घेऊन ‘देख, परबत कैसा उठ रहा है’ म्हणत होती. दादा एका हाताने चाक धरून बसला होता आणि अधूनमधून माझ्याकडे पाहून हसत होता. आम्हा भावांच्या आयुष्यात एकमेकांशेजारी बसून काही केले असे प्रसंग फार थोडे. त्यातले ते काही तास.

खजुरी बाजारात शिरलो तेव्हा तीन वाजायला आले होते. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, गच्च्यांवर बायका. ट्रकच्या पुढे गिरणीतले एक वयस्क विणकर दोर धरून चालत होते. गर्दी चाकांपासून दूर ठेवण्याचे काम दरवर्षी त्यांच्याकडे असे. सारी वस्ती त्यांना काका म्हणे.

एकाएकी एंजिनाचा आवाज चढला. प्रथम मला वाटले, दादाने चाप ओढला. त्याच क्षणी दिवे भरभरून उजळले, कारण फेरे वाढताच अल्टरनेटर सारा भार एकटा उचलू लागला होता. काटा चौदावर गेला आणि तिथेच थांबला. रेग्युलेटरने आपले काम चोख केले. पर्वत झळाळून उठला. लोकांना वाटले, हा देखाव्याचाच भाग आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ट्रकने एक हिसका खाल्ला. दादाने दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवर रोवले. ट्रक थांबला, पण क्लच दाबताच एंजिनावरचा भार सुटला आणि ते अधिकच किंचाळू लागले. तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकू नये. क्लच सोडावा तर ट्रक माणसांत घुसेल; धरून ठेवावा तर एंजिन केव्हा फुटेल याचा नेम नाही. दादाचा हात फळीच्या मागे गेला.

आणि मी मुख्य खटका खाली ओढला.

का ओढला, याचे उत्तर मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. विजेच्या माणसाचा हात संकटात खटक्याकडे जातो, एवढेच ते आहे. डिझेल एंजिन विजेने थांबत नाही, हे मी दर वर्षी जुलै महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत असे. खटका पडला, दिवे गेले, आणि एंजिन तसेच किंचाळत राहिले. झगमगाटातून एकदम अंधारात पडलेल्या माणसांना काही दिसेना. ऐकू येत होता तो फक्त आवाज. टाळ्या थांबल्या आणि ओरडा सुरू झाला. मागचे लोक पुढे लोटले. दादाची बोटे अंधारात फळीच्या मागे, माझ्या तारांच्या गुंत्यात चाचपडत होती. पाच सेकंद गेले असतील, फार तर सात. मग त्याला दोरी सापडली आणि एंजिन बंद पडले.

कोणी तरी बत्ती आणली. काका खाली पडले होते. ट्रकचा बंपर त्यांच्यापासून हातभर दूर होता. ट्रकने त्यांना शिवलेही नव्हते. अंधारात मागून लोट आला आणि ते दोरासकट आडवे झाले. उजवे मनगट मोडले होते. मुले वर पर्वताला घट्ट धरून उभी होती. त्यातल्या एकाची हनुवटी खरचटली होती. इतके सगळे आणि एवढेच. त्या गल्लीत काय होऊ शकले असते, ते मी इथे लिहिणार नाही.

काकांना इस्पितळात नेले. दादाने बॉनेट उघडून बॅटरीचा उजेड टाकला. नळी आपल्या तोंडावरून निसटून खाली लोंबत होती, आणि तिला बांधलेली माझी केबल एंजिनाच्या थरथरीबरोबर हेलकावे खाऊन खाऊन खाली ओघळली होती. दादाने काही क्षण ते पाहिले. मग खिशातला चाकू काढून फिती कापल्या, नळी जागेवर चढवून तारेने आवळली, आणि केबल आपल्या पंचाने वरच्या लोखंडी दांडीला बांधली.

“रबर आहे ते, बापू. खुंटी नव्हे,” एवढेच म्हणाला.

केबिनमध्ये येऊन त्याने एंजिन सुरू केले. नंतर माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दिवे लाव.”

पुढची वाट पायांनीच वेग सांभाळीत, चापाला हात न लावता त्याने पार केली. राजवाड्यापाशी पोहोचलो तेव्हा उजाडत होते.

आठ दिवसांनी मंडळाची बैठक झाली. काय झाले, असा प्रश्न निघाला. मी बोलायला उठणार होतो. निदान तसे मला आठवते. पण आठवण आपल्या बाजूनेच साक्ष देते, म्हणून त्यावर फार भरवसा ठेवीत नाही. दादा आधी उठला. म्हणाला, “गाडी माझी, हात माझे. नळी मी तपासायला हवी होती.” मेकॅनिकने चूक कबूल केल्यावर आणखी चौकशी कोण करणार? दिवे का गेले, हे कोणी विचारलेच नाही. एंजिन बिघडले तसे दिवेही गेले, असे सगळ्यांनी धरून चालले. त्याच बैठकीत उत्तम रोषणाईबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. मी ते घेतले. आईने ती शाल पुढे कितीतरी हिवाळे पांघरली. तिच्या अंगावर ती पाहिली की मी दुसऱ्या खोलीत जात असे.

दादाला मंडळाने पुन्हा झांकी चालवायला सांगितले नाही. ट्रक भाड्याने दुसरा आणू लागले. काकांचे मनगट वाकडेच सांधले. मागावर त्यांना उभे राहता येईना, म्हणून गिरणीने फाटकावर बसवले. तिथे पगार कमी. दुसऱ्या वर्षीपासून मिरवणुकीत त्यांच्या जागी दोर धरून दादा चालू लागला. मी १९८६ पर्यंत रोषणाई केली, पुढे निमित्ते सांगून अंग काढून घेतले. काका गेले, मग २००९ साली दादा गेला. मी त्याच्याशी त्या रात्रीविषयी एकदाही बोललो नाही. तसे पाहिले तर वेळ पुष्कळ होता; दर दिवाळीला आम्ही एका पाटावर बसत होतो.

दादाच्या मुलाचे आता दोन ट्रक आहेत. २०२४ साली गणपतीच्या आधी तो माझ्याकडे आला. मंडळाने झांकीसाठी त्याचा नवा ट्रक मागितला होता, आणि सजावटवाला म्हणत होता की दिवे ट्रकच्याच वायरिंगवरून घेऊ. “काका, तुम्ही एकदा पाहाल का?” असे तो म्हणाला तेव्हा मला नाही म्हणता आले नाही.

भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, त्यानंतरचा हा ट्रक. केबिनमध्ये वाकून पाहिले. पेडलला दांडा नाही, तार नाही. त्याच्या मुळाशी दोन संवेदक असतात. एंजिनाचा संगणक त्यांना पाच व्होल्टचा दाब पुरवतो, आणि पाय जितका खाली जाईल तितका दाब ते परत कळवतात. बहुधा एक दुसऱ्याच्या निम्मा. दोघांचा मेळ बसला नाही तर संगणक कोणावरच विश्वास ठेवीत नाही. एंजिनाला मंद गतीवर आणून ठेवतो आणि समोर दिवा लावतो. म्हणजे पाय आता विजेला सांगतो, आणि वीज इंधनाला. निरोप्या बदलला. रबरी नळीच्या जागी केसासारख्या बारीक तारा आल्या, आणि बाहेरची जोड मारून भलत्या ठिकाणाहून वीज काढली, किंवा जमिनीची जोड सैल राहिली, तर निरोप चुकायला तेवढे पुरते. नवा ट्रक उधळण्याऐवजी बसून राहील, ही सुधारणा खरीच. मी तिला हसत नाही. पण खजुरी बाजारात पहाटे तीनला ट्रक बसला तर मागच्या सगळ्या झांक्या अडतात, आणि घाबरलेला माणूस केबिनमध्ये काय ओढील त्याचा नेम नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

मी पुतण्याला म्हटले, ट्रकच्या एकाही तारेला हात लावायचा नाही. पूर्वी ४२० वॅटमध्ये जो उजेड मिळत होता तो आताच्या एलईडी दिव्यांतून ऐंशी वॅटमध्ये मिळतो. एक स्वतंत्र बॅटरी मागे देखाव्यातच ठेव, फ्यूज तिच्याजवळ, तिची जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा वेगळ्या, ट्रकच्या सांगाड्याचाही आधार घ्यायचा नाही. केबल बांधायची ती लोखंडाला. आणि समोर कुठलीही फळी नको. काटे पाहायचे असतील तर मागे उभे राहून पाहा.

“एवढं काय काका?” तो हसून म्हणाला.

मग मी त्याला सांगितले. नळीचे, फळीचे, आणि खटक्याचे. खटक्याचे सांगताना मला थांबावे लागले. अंगणात त्याचा ड्रायव्हर ट्रकच्या काचा पुसत होता. त्याचे होईपर्यंत आम्ही दोघे गप्प बसलो.

“बाबांना माहीत होतं, काका,” पुतण्या म्हणाला.

“नळीचं माहीत होतंच. खटक्याचं कसं माहीत असणार? अंधार होता.”

“एंजिन बिघडून दिवे गेले असते, तर त्यांनी तुम्हाला दिवे बघायला सांगितलं असतं. काय म्हणाले होते ते?”

मी काही बोललो नाही.

तो उठला, किल्ली घेतली आणि म्हणाला, “चला, बॅटरी घेऊन येऊ. दुकान दीडला बंद होतं.”